गाणं उक्तं द्यायचं की बटाईनं? खान्देशात बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांसाठी

तुळशीचं लग्न लागलं की जळगाव-धुळ्याकडच्या डीजेवाल्यांचे फोन सुरू होतात. "भो, गाणामा मन्हं नाव टाकी दे." म्हणजे चालू असलेल्या एखाद्या गाण्याखाली जाड ठेका घालायचा, ड्रॉपच्या (ठेका दणक्यात सुटतो त्या जागेच्या) आधी डीजेचं नाव घुमवायचं आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची. दोन रात्रींचं काम, पैसे त्याच दिवशी खात्यात. लग्नसराईत अशी पंधरा-वीस कामं मिळाली तर महिना निघतो. पण तेच मिक्स पुढे शंभर वरातींत वाजलं, यूट्यूबवर लाखांनी पाहिलं गेलं, तरी बनवणाऱ्याला पुन्हा एक पैसा येत नाही. कारण त्यातलं मूळ गाणं त्याचं नाही, आणि ठेका त्यानं विकून टाकलेला आहे.

शेतीत याला आपण उक्तं देणं म्हणतो: एकरकमी पैसे घेतले, विषय संपला. दुसरा मार्ग बटाईचा. जमीन तुमचीच राहते, पीक येईल तसा हिस्सा येतो. स्वतंत्र संगीतकाराचं सगळं करिअर म्हणजे कुठलं काम उक्तं करायचं आणि कुठलं बटाईनं, हे ओळखणं. उक्तं काम वाईट नाही, त्यावर विजेचं बिल भरलं जातं. पण वर्षाअखेरीला स्वतःच्या नावावर एकही 'जमीन' नसेल, तर पुढल्या वर्षीही शून्यापासून सुरुवात.

एका गाण्याचे दोन सातबारे

बहुतेक भानगडी इथेच होतात, म्हणून हे नीट समजून घ्या. एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना: शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात सगळे 'मास्टर' म्हणतात. रचना शब्द लिहिणाऱ्याची आणि चाल बांधणाऱ्याची. मास्टर कुणाचं? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मुद्रण करण्यासाठी ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्या निर्मात्याचं. लॅपटॉप कुणाचा होता यावर ते ठरत नाही. गायकानं पैसे लावून तुमच्याकडून गाणं करून घेतलं आणि कागद केला नाही, तर 'मास्टर माझं' असं त्याला म्हणता येतं, आणि तुम्हाला वाद घालत बसावं लागतं.

बहिणाबाईंचं उदाहरण घ्या. त्या १९५१ मध्ये गेल्या, कविता पुस्तकरूपात १९५२ मध्ये आल्या. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे त्या पहिल्या आवृत्तीतल्या कवितांवरचा हक्क २०१२ अखेर संपला. त्या शब्दांना तुम्ही स्वतःची चाल लावून सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या वाद्यावर, खुशाल वाजवा. पण त्याच कवितेला कुणी दुसऱ्यानं लावलेली चाल उचलली, तर ती त्या संगीतकाराची रचना. आणि कंपनीच्या रेकॉर्डवरून आवाज कापून घेतला, तर ते कंपनीचं मास्टर. शब्द मोकळे, चाल बांधलेली, आवाज तिसऱ्याचा, सगळं एकाच गाण्यात.

कानबाईच्या उत्सवाची किंवा आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पारंपरिक गाणीही अशीच. गाणं कुणा एकाचं नाही, पण ज्या मावशींनी ते तुमच्या माइकसमोर गायलं, त्यांचा कलावंत म्हणून वेगळा हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. सातपुड्यात जाऊन पावरी (आदिवासींचं फुंकवाद्य) किंवा ढोल रेकॉर्ड करून आणलात तरी तेच. एक पानभर मराठीत लिहून घ्या: कुणी वाजवलं, कधी, कशासाठी वापरणार, आता किती दिले, पुढे किती टक्के देणार, नाव कसं छापायचं. सही किंवा अंगठा घ्या, फोनवर त्याचं वाचन आणि होकारही रेकॉर्ड करा. गाणं चालल्यावर हा कागद करायला गेलात तर तो महागात पडतो, आणि मनंही कडवट होतात.

गाणं विकायचंच असेल तर लक्षात ठेवा, हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्यांच्या छापील करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगभर' हे शब्द असतातच. तिथे पेन थांबवा आणि रक्कम पुन्हा बघा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर एक आधार मात्र आहे: रचना विकली तरी तिच्या वापरावर मिळणाऱ्या मानधनातला गीतकार-संगीतकाराचा हिस्सा वारस किंवा हक्कसंस्था सोडून कुणालाही देता येत नाही. तो गोळा करायला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचं सदस्यत्व घ्यावं लागतं आणि प्रत्येक रचना तिथे नोंदवावी लागते. नुसतं सदस्य होऊन बसलात, गाणी नोंदवली नाहीत, तर पैसे कुठल्या नावावर टाकायचे हे त्यांना कळणार कसं?

दहा बाय दहाची खोली

कायद्याचं झालं, आता आवाजाकडे. घरच्या खोलीत केलेलं गाणं हेडफोनवर छान वाटतं आणि डीजेच्या स्पीकरच्या भिंतीवर बास इतका फुगतो की शब्दच ऐकू येत नाहीत, ही तक्रार अगदी नेहमीची. कारण साधं भूमितीचं आहे. दहा फुटांच्या, म्हणजे ३.०५ मीटरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झची लाट अडकते. भिंतीजवळ ती सगळ्यात मोठी आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी जवळजवळ शून्य. तुम्ही खुर्ची मधोमध ठेवून बसता, किकचा (मोठ्या ड्रमच्या ठोक्याचा) दणका ऐकू येत नाही, म्हणून ५६ च्या आसपास ६ डेसिबल वाढवता. मैदानात खोलीच्या भिंती नसतात, आणि तुमची ६ डेसिबलची चूक तेवढी उरते.

उपाय फुकट आहे. खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर आणा. दहा फुटांत ही जागा त्यातल्या त्यात बरी. कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या करा. आपल्याकडे त्यांना तोटा नाही. चार इंची गादी मधला आणि वरचा गोंधळ शोषते. ५६ हर्ट्झला ती काही करत नाही, तेव्हा गादी लावली म्हणून बासवर विश्वास टाकू नका. बास हेडफोनवर तपासा आणि शेजारी एखादं आवडतं, चांगलं मिक्स झालेलं गाणं लावून तुलना करा. आणखी एक: गावाकडच्या बऱ्याच सिस्टिम डावी-उजवी बाजू एकत्र करून मोनो वाजवतात. बासला स्टिरिओ रुंदी दिली असेल तर दोन बाजू एकमेकींना खातात आणि बास गायब होतो. साधारण १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवा, आणि एक्सपोर्टच्या आधी सॉफ्टवेअरच्या मास्टर चॅनलवरचं मोनोचं बटण दाबून एकदा पूर्ण गाणं ऐका.

मग कूलर. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना कूलर बंद करून गा असं कुणाला सांगणार? पण कूलरचा आवाज म्हणजे मोटरची घरघर आणि पाण्या-वाऱ्याची सळसळ मिळून पूर्ण पट्ट्यात पसरलेला असतो. नॉइज काढायचं सॉफ्टवेअर तो काढतं खरं, पण सोबत 'स', 'श', 'ख' यांची धारही खातं, आणि गायक पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. तेव्हा आवाज पहाटे पाच ते सात घ्यायचा आणि सिंथ-प्रोग्रॅमिंग दुपारी कूलर लावून करायचं. प्रत्येक टेकच्या आधी गायक गप्प असताना ३० सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. पुढे दोन ओळींमधली तुटक जागा भरायला ती लागतेच. पातळी सर्वात मोठ्या ओळीला उणे १२ डेसिबलच्या आसपास, २४ बिट. चोवीस बिटमध्ये हळू घेतलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

उन्हाळ्यात लॅपटॉपही दमतो. तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि गाण्यात मध्येच टिक-टिक ऐकू येऊ लागते. लोक साउंडकार्डला शिव्या देतात. रेकॉर्ड करताना बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ ठेवा, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४. जड सिंथ 'फ्रीझ' करा, म्हणजे त्यांचा तयार ऑडिओ करून ठेवा. बफर २५६ असेल तर ४८,००० च्या रेटला जाता-येता प्रत्येकी सुमारे ५ मिलिसेकंद उशीर होतो. गायकाला तेवढा खटकत नाही. आणि सतत 'हूंऽऽ' असा आवाज येत असेल तर तो बहुधा ५० हर्ट्झचा, अर्थिंगचा. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला, तर वायरमनला बोलवा. साउंडकार्ड बदलून काही होत नाही.

सॉफ्टवेअरवर फार शब्द घालवत नाही. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, रीपर, कुठलंही चालतं. एफएलची सर्वात स्वस्त आवृत्ती घेत असाल तर त्यात माइकवरून आवाज रेकॉर्ड होतो का, एवढं पैसे भरण्याआधी बघा. सुरुवातीला सिंथ म्हणून फुकटचा व्हायटल भरपूर झाला.

गाणं बाहेर काढताना

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांच्याकडे तुम्ही थेट गाणं देत नाही. मध्ये वितरक लागतो. हा आपल्या अडत्यासारखाच असतो: माल बाजारात नेतो आणि हिशोब आणतो. कुणी वर्षाची फी घेतात आणि कमाईत हात घालत नाहीत, उदाहरणार्थ डिस्ट्रोकिड. कुणी गाण्यामागे एकदाच फी घेऊन कमाईतला हिस्सा ठेवतात, उदाहरणार्थ सीडी बेबी, ९ टक्के. वर्षाला आठ-दहा गाणी काढणार असाल तर वार्षिक फी स्वस्त पडते. एकच गाणं काढून दोन वर्षं गप्प बसणार असाल तर एकदाची फी बरी, कारण वार्षिक वर्गणी थकली की गाणी उतरू शकतात.

द्यायचं काय ते ठरलेलं आहे. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र, ज्यावर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, दुकानाची जाहिरात काही नको. चित्र नाकारलं जाण्याचं आपल्याकडचं मुख्य कारण हेच! भाषेच्या यादीत अहिराणी नसेल तर मराठी निवडा आणि अहिराणी हा शब्द गाण्याच्या नावाला जोडण्याऐवजी वर्णनात घाला. कलाकाराचं नाव आधी सगळीकडे शोधून बघा. 'डीजे' लावून पुढे साधं पहिलं नाव घेतलंत तर त्या नावाचे आधीच पाच जण सापडतील, आणि तुमचं गाणं भलत्याच माणसाच्या पानावर जाऊन बसेल. ते काढून आणायला आठवडे जातात.

प्रत्येक मुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. हा गाण्याचा आधार क्रमांक समजा. ऐकलं गेल्याची सगळी नोंद त्यावरच होते. पुढे वितरक बदललात तर नवा क्रमांक घेऊ नका. जुनाच द्या, आणि फाइलही तीच, लांबी एका सेकंदानेही न बदलता. नाहीतर प्लॅटफॉर्मला ते नवं गाणं वाटतं आणि आकडा शून्यावर येतो. नवं गाणं पोचेपर्यंत जुनं उतरवू नका.

प्रकाशनाची तारीख किमान तीन-चार आठवडे पुढची ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल आणि फॉलोअर्सच्या शुक्रवारच्या यादीत ते हमखास जावं असं वाटत असेल, तर निदान सात दिवस आधी ते पोचलेलं असावं लागतं. पोळ्याचं गाणं पोळ्याच्या आदल्या दिवशी अपलोड करणाऱ्यांची संख्या काही कमी होत नाही.

आवाजाची पातळी हा वेगळा घोळ. स्पॉटिफाय गाणं सुमारे उणे १४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या सरासरी जोराचं माप) आणून वाजवतं. तुम्ही ते दाबून-दाबून उणे ६ ला नेलंत, तर तिथे ते ८ डेसिबल खाली येतं आणि उरतो फक्त चपटेपणा. डीजेला मात्र जोरकस फाइलच हवी असते. म्हणून दोन अंतिम फाइली करा. आवाजाचं शिखर दोन्हींत उणे १ डेसिबलच्या वर नको. डीजेच्या फाइलला सुरुवातीला मोकळ्या ठेक्याच्या, चार-चार मात्रांच्या १६ आवर्तनांचा दोर द्या, म्हणजे त्याला आधीच्या गाण्यात गाठ मारता येते. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ मात्रा) हा दोर बरोबर ३० सेकंदांचा होतो. आणि गंमत अशी की स्पॉटिफायवर गाणं 'ऐकलं' असं ३० सेकंदांनंतरच धरतात. म्हणजे तीच फाइल स्ट्रीमिंगला टाकलीत तर माणूस नुसता धप्-धप् ऐकून, मोजला जायच्या आधीच पुढे निघून जातो. स्ट्रीमिंगच्या फाइलमध्ये पहिल्या दहा सेकंदांत आवाज किंवा मुख्य धून यायला हवी.

सातपुड्यातला ढोल वापरणार असाल तर आणखी एक काळजी. हातानं वाजवलेला ठेका मेट्रोनोमच्या रेघेवर पडत नाही. थोडा ओढतो, थोडा धावतो, नाच त्यातच असतो. सॉफ्टवेअरमध्ये ठोके रेघेवर ओढणारं 'क्वांटाइझ' शंभर टक्के लावलंत की ढोल मेला. उलटं करा: ढोलाला जसाच्या तसा ठेवून दर चार-आठ मात्रांना एक खूण लावा आणि किकला त्या खुणांवर आणा.

क्लेम कुठून येतो

"गाणं माझं, तरी यूट्यूबनं क्लेम (दुसऱ्याच्या हक्काचा दावा) लावला" याचं उत्तर बहुतेक वेळा लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तयार तुकड्यात असतं. बासरीचा किंवा ढोलकीचा तयार तुकडा तुम्ही पॅकमधून घेतला. पॅक रॉयल्टी-फ्री असला तरी तो तुकडा हजारो जणांकडे आहे. त्यातल्या एकानं आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवलं, की तो तुकडा असलेल्या सगळ्यांवर यंत्र आपोआप हक्क सांगतं. म्हणून ज्या गाण्यात तयार मेलडी-लूप उघडा ऐकू येतो, ते कंटेंट आयडीत टाकू नका. वितरकाच्या फॉर्ममधली ती चौकट रिकामी ठेवा. नाहीतर उद्या तुमचा क्लेम दुसऱ्यावर जाईल आणि वितरक तुमचंच खातं गोठवेल. किक-स्नेअरसारखे सुटे फटके बिनधास्त वापरा.

क्लेम आला तर घाबरू नका, क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. क्लेममध्ये जाहिरातीचे पैसे दुसरीकडे वळतात. स्ट्राइक तीन झाले, ९० दिवसांच्या आत, तर चॅनल जातं. बाजू खरी असेल तर पाच दिवसांच्या आत हरकत घ्या, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे निकालापर्यंत बाजूला राहतात. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. पुरावा म्हणून प्रोजेक्ट फाइल, लूपची पावती आणि तो कलावंतांचा कागद एकाच फोल्डरमध्ये हवा. आणि चित्रपटगीतावर ठेका टाकलेलं रिमिक्स असेल तर हरकत घेऊच नका. रचनाही त्यांची, मास्टरही त्यांचं, तुम्ही हरणारच.

पैसे येतात कुठून

एका ऐकण्याला अमुक पैसे असा दर कुठेही ठरलेला नसतो. प्लॅटफॉर्म त्या देशातली वर्गणी आणि जाहिरातीची रक्कम एका हौदात टाकतो, आपला वाटा काढतो, आणि उरलेलं ऐकण्याच्या प्रमाणात वाटतो. भारतात वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे जास्त, म्हणून शहाद्यातलं एक ऐकणं जर्मनीतल्या एका ऐकण्यापेक्षा कमी भरतं. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मास्टरचे पैसेच मिळत नाहीत. वीस कच्ची गाणी टाकण्यापेक्षा पाच पक्की टाकावीत, याचं हे रोकडं कारण. यूट्यूबच्या जाहिरात-कमाईला १,००० सबस्क्रायबर लागतात, शिवाय वर्षभरात पाहिले गेलेले ४,००० तास किंवा शॉर्ट्सवर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. अहिराणी गाण्यांचा श्रोता मुख्यतः यूट्यूबवर आहे, तिथली मेहनत आधी करा. शब्दांविना, नुसतं वाद्यसंगीत करत असाल तर बँडकॅम्प बघा. तिथे माणूस गाणं विकत घेतो आणि ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के ठेवतात.

तोवर घर चालतं ते उक्त्या कामावर. मंडळाची गाणी, सराफाच्या जाहिरातीची धून, लघुपटांचं पार्श्वसंगीत आणि निवडणुकीची प्रचारगीतं. प्रचारगीताला भाव सगळ्यात चांगला आणि वसुली सगळ्यात वाईट. निकाल लागल्यावर, जिंको वा हरो, फोन उचलला जात नाही. निम्मे आधी घ्या, उरलेले फाइल देण्याआधी. तोवर मध्येमध्ये 'नमुना' असं म्हणणारा आवाज घातलेली फाइलच पाठवा. दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा वेगळे पैसे, हेही आधीच मेसेजमध्ये लिहून टाका. आणि उक्त्या कामातसुद्धा धून विकताना तुमचे ड्रम आणि सिंथचे आवाज स्वतःकडे ठेवा. ते पुढल्या कामाला लागतात.

मंचावर वाजवणार असाल तर जनरेटरची वीज गृहीत धरा. लॅपटॉप बॅटरीवरच राहू द्या, साउंडकार्ड आणि कंट्रोलरला छोटा यूपीएस लावा, स्वतःचा डीआय बॉक्स (साउंडकार्ड मंचाच्या मिक्सरला बिनगुणगुण जोडायची डबी) न्या, आणि सगळा सेट एका पेनड्राइव्हवर सलग फाइल म्हणूनही ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० च्या ध्वनिनियमांतला नियम. म्हणून तुमचा वेळ साडेनऊचा ठरवला असेल आणि आधीची भाषणं लांबली, तर मानधनाचं काय, हे आयोजकाकडून आधी वदवून घ्या.

शेवटी परदेशी पैशाचा कागद. यूट्यूब किंवा अमेरिकी वितरक तुमच्याकडून डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरून घेतात. त्यात पॅन टाकून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर अमेरिकेतून आलेल्या रॉयल्टीवर १५ टक्के कापतात, नाहीतर ३०. यूट्यूबवर हे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईला लागू होतं. फॉर्मवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून पैसे महिनोन्‌महिने अडकतात. फॉर्मची मुदत सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते: २०२६ मध्ये भरलेला २०२९ अखेरपर्यंत. त्या वर्षीच्या दिवाळीत नवा भरून टाका.